कादंबरी लिहून झाली, आता नेमकं कुठलं संपादन करून घ्यायचं?

कोरा_कागद

नमस्कार मंडळी. आजवर इथे नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

कादंबरी लिहून झाली. चार वर्षं लागली. ९२ हजार शब्द, ३१ प्रकरणं. गोष्ट थोडक्यात अशी: एक म्हातारा घड्याळजी, त्याची मुलगी सुमती, आणि ३५ वर्षांपूर्वी एका रात्रीत नाहीसा झालेला त्याचा भागीदार वसंत. अधूनमधून वसंतची पत्रं येतात.

पाच जणांना वाचायला दिली. दोघांनी "मस्त झालीये" म्हणून परत केली (त्यातला एक माझा नवरा, म्हणजे ते मत बाद). एका मैत्रिणीने वाचायला घेतलीये, गेले पाच महिने घेतलेलीच आहे. उरलेल्या दोघांनी मात्र एकमेकांना न विचारता एकच सांगितलं: मधे भाषा जड होते, रेंगाळते.

म्हटलं, भाषेवर हात फिरवणारं कोणी गाठावं. तिघांना मेल केली. पहिले म्हणाले, "पाठवा, प्रूफं बघून देतो." दुसऱ्या म्हणाल्या, "भाषा करून देते, पण प्रसंगांत हात घालणार नाही." तिसऱ्यांनी उलट मलाच विचारलं, "तुम्हाला डेव्हलपमेंटल हवंय, लाइन, कॉपी, की फक्त प्रूफ?" मी म्हटलं, कळवते. दोन दिवस झाले, काय कळवू तेच कळत नाहीये.

हे प्रकार खरंच वेगळे आहेत, की एकाच कामाची चार नावं? आणि 'भाषा रेंगाळते' याला औषध कुठलं? चारही करून घेण्याची ऐपत नाही, हे आधीच सांगून टाकते.

चौदाव्या प्रकरणाची सुरुवात नमुना म्हणून देतेय. बिनधास्त फाडा.

"सुमती खिडकीपाशी उभी होती. बाहेर पाऊस पडत होता. पावसाच्या धारा काचेवरून खाली ओघळत होत्या आणि तिच्या मनातही विचारांच्या धारा ओघळत होत्या. तीला वाटत होतं की बाबांनी आपल्याला कधीच काही सांगितलं नाही. तिने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. चार वाजून दहा मिनीटं झाली होती. तिला खूप वाईट वाटलं."

घाईघाई

काही करू नका. शुध्दलेखन तपासणारं सॉफ्टवेअर लावा आणि ई-बुक काढून मोकळ्या व्हा. वाचकाला गोष्ट हवी असते, वेलांट्या नाही. संपादक वगैरे सगळं जुन्या जमान्यातलं आहे.

जुना खिळा

घाईघाई, तुम्ही 'शुध्दलेखन' लिहिलंत. द ला ध जोडायचा, तुम्ही ध ला द जोडलात. नेमक्या त्याच शब्दात. हलके घ्या.

पस्तीस वर्षं प्रूफं वाचली. छपाईसाठी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे तेव्हापासून. यंत्राचं एक सांगतो. यंत्राला एवढंच कळतं की हा शब्द कोशात आहे की नाही. तुम्ही 'दीन' लिहायच्या जागी 'दिन' लिहिलंत, तर ते गप्प बसतं, कारण दोन्ही शब्द आहेत. 'डोंगर आणि दर्या' असं छापून आलेलं मी स्वतः पकडलंय. लेखकाला दऱ्या म्हणायच्या होत्या, समुद्र नव्हे. 'कवी' दीर्घ, पण 'कविमन' ऱ्हस्व. 'बुद्धी' दीर्घ, 'बुद्धिवैभव' ऱ्हस्व. समास झाला की मूळचा ऱ्हस्व परत येतो, हे यंत्राला समजावून सांगेपर्यंत मी दोन फॉर्मे (छपाईच्या पानांचे गठ्ठे) वाचून ठेवीन.

मराठी साहित्य महामंडळाचे नियम सगळे मिळून १८. १९६२ साली १४ झाले, १९७२ साली ४ वाढले. एका बैठकीत वाचून होतात. लेखकाने तेवढे वाचले तरी आमचं निम्मं काम हलकं होतं. कोणी वाचत नाही ही गोष्ट वेगळी.

कोरा_कागद ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर दुसरं कोणी देईल. माझ्याकडून एवढंच: जे पहिले गृहस्थ "प्रूफं बघून देतो" म्हणाले, त्यांना आत्ता देऊ नका. पानं लागायच्या, म्हणजे छपाईसाठी मांडणी व्हायच्या आधी प्रूफ कसलं?

वाचनवेडा

वाचनखूण साठवली. इथे काहीतरी शिजणार.

अर्धविराम

मी कथा-कादंबऱ्यांचं संपादन करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. ही एकाच कामाची चार नावं नाहीत. तुमचाच उतारा घेऊ.

मुद्रितशोधक, म्हणजे प्रूफं वाचणारा, 'तीला'चं 'तिला' करेल, 'मिनीटं'चं 'मिनिटं' करेल. तिथे त्याचं काम संपलं. 'विचारांच्या धारा' त्याला आवडोत न आवडोत, त्याने त्यांना हात लावायचा नाही.

कॉपी एडिटर हे करेलच, शिवाय तो ३१ प्रकरणं एका सुतात बांधेल. इथे 'तिने' आहे, दुसऱ्या प्रकरणात 'तिनं' असेल तर तो विचारेल की निवेदनात कुठलं ठेवायचं. वसंत पत्रांतून बाबांना 'तू' म्हणतो की 'तुम्ही', आणि मधेच बदलतो का? बदलत असेल तर ते मुद्दाम आहे की नजरचुकीने? त्याच्याजवळ एक स्टाइल शीट असते: प्रत्येक पात्राचं नाव, वय, कोण कोणाला काय हाक मारतं, कुठला शब्द कसा लिहायचा, कुठल्या प्रकरणात कुठला महिना चाललाय. वसंत ३५ वर्षांपूर्वी गेला आणि समजा सुमती ३४ वर्षांची असेल, तर तिला त्याचा आवाज आठवेल कसा, ही चूक तो त्या कागदावर पकडतो.

लाइन एडिटर वाक्याशी बोलतो. हाच उतारा माझ्याकडे त्या कामासाठी आला, तर मी साधारण असं सुचवीन:

"सुमती खिडकीपाशी उभी होती. काचेवरून धारा ओघळत होत्या. बाबांनी कधीच काही सांगितलं नव्हतं. तिने घड्याळात पाहिलं. चार वाजून दहा."

'बाहेर पाऊस पडत होता' काढलं, कारण पाऊस आत पडत नाही आणि पुढच्या वाक्यात तो दिसतोच. मनातल्या धारा काढल्या, कारण काचेवरच्या धारांनी ते काम आधीच केलंय. 'तिला वाटत होतं की' काढलं, कारण आपण तिच्याच डोक्यात आहोत. 'खूप वाईट वाटलं' काढलं, कारण ते वाचकाला वाटायला हवं. यातलं एखादं तुम्हाला परत हवं असेल तर परत घ्या. तो तुमचा हक्क.

आणि आशयाचं संपादन करणारा, म्हणजे ज्याला डेव्हलपमेंटल म्हणतात तो, या उताऱ्यातला एकही शब्द बदलणार नाही. तो समासात एक प्रश्न लिहील: हा प्रसंग इथे आहेच कशाला? बाबा काही सांगत नाहीत, हे वाचकाला चौदाव्या प्रकरणापर्यंत नक्कीच कळलं असणार. मग खिडकीपाशी उभी राहून सुमती असं काय करते किंवा ठरवते, ज्याने पंधरावं प्रकरण घडतं?

उत्तर 'काही नाही' असं असेल, तर मी वर केलेलं सुबक लाइन एडिटिंग वाया गेलं. जे पान उद्या काढायचं त्याला आज इस्त्री केली, इतकंच.

म्हणूनच कामं मोठ्याकडून लहानाकडे करतात. आधी गोष्टीचा सांगाडा, मग वाक्यं, मग सुसंगती, आणि पानं लागल्यावर मुद्रितशोधन.

आता तुमचा मूळ प्रश्न. वाचक 'भाषा जड होते' म्हणतो तेव्हा त्याला काहीतरी बोचलंय हे शंभर टक्के खरं असतं. काय बोचलंय, हे मात्र त्याला सांगता येतंच असं नाही. डोळ्यांसमोर वाक्यं असतात म्हणून तो वाक्यांना दोष देतो. जड भाषा संपूर्ण पुस्तकात असती, तर दोघांनी 'मधे' हा शब्द वापरला नसता. पहिली आठ-दहा प्रकरणं तुम्हीच लिहिलीत ना? त्याच हाताने? मग मधेच हात जड कसा झाला?

कोरा_कागद

अर्धविराम, धन्यवाद म्हणू की रडू, ठरत नाहीये.

सुमती ४१ वर्षांची आहे. पण ते मोजून बघेपर्यंत छातीत धस्स झालं होतं.

'मधे' या शब्दाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. खरंय, सुरुवातीबद्दल कोणीच काही बोललं नाही.

शेवंती

माझा अनुभव वेगळा आहे आणि तो सांगितलाच पाहिजे, नाहीतर हा धागा संपादकांची आरती होईल.

माझा कथासंग्रह एकांकडे दिला होता. नाव घेत नाही. ठरलं होतं कॉपी एडिटिंग. परत आला तेव्हा एका कथेतली म्हातारी "म्या काय बी केलं न्हाई" म्हणायची ती "मी काहीही केलं नाही" म्हणायला लागली होती. तिचा जावई, शाळामास्तर आणि ती, तिघं एकाच सुरात बोलत होते. वर ट्रॅक चेंजेस बंद ठेवून काम केलेलं, म्हणजे कुठे काय बदललं हे दिसायचीही सोय नाही. माझी जुनी फाइल शेजारी उघडून ओळ न ओळ ताडून बघण्यात दीड महिना गेला.

तेव्हा 'लाइन एडिटिंग' म्हणजे तुमच्या आवाजात दुसऱ्याने हात घालणं, हे लक्षात ठेवा. मी तर म्हणते, पहिल्या पुस्तकाला ते करूच नये. आवाज कच्चा असतो, लेखक घाबरलेला असतो, समोरचा म्हणेल त्याला मान डोलावतो.

वाचनवेडा

शेवंतीताई, हे मोठमोठ्यांनाही चुकलेलं नाही. अमेरिकी कथाकार रेमंड कार्व्हरच्या १९८१ च्या कथासंग्रहात संपादक गॉर्डन लिशने काही कथा निम्म्याहून जास्त कापल्या होत्या. छापायच्या आधी, जुलै १९८० मध्ये, कार्व्हरने त्याला पत्र लिहून पुस्तक थांबवण्याची अक्षरशः विनवणी केली. पुस्तक तरीही निघालं, गाजलं, आणि तुटक, कमी शब्दांची ती शैली कार्व्हरची म्हणूनच ओळखली गेली. मूळ, न कापलेल्या कथा २००९ मध्ये 'बिगिनर्स' नावाने आल्या. दोन्ही वाचल्यात. मला काही कथा कापलेल्याच बऱ्या वाटतात आणि काही कथांचा जीव गेल्यासारखं वाटतं. निकाल लागत नाही.

अर्धविराम

शेवंतीताई, तुमच्याकडे जे झालं ते कुठल्याच प्रकारात बसत नाही. कॉपी एडिटिंग ठरवून लाइन एडिटिंग करणं, तेही बदल न दाखवता, हा सरळ करारभंग. बोलीचे संवाद प्रमाणभाषेत आणणं तर लाइन एडिटिंगमध्येही बसत नाही.

पहिल्या पुस्तकाला लाइन एडिटिंग करूच नये, हे मात्र पटलं नाही. पहिल्याच पुस्तकात लेखकाच्या सवयी कोणीतरी दाखवून द्याव्या लागतात. मला स्वतःला 'जणू काही' या दोन शब्दांची सवय होती. एका संपादकाने सगळे मोजून दिले. १४० निघाले. आजही 'जणू' टाइप करताना बोट अडखळतं.

आधी ठरवायच्या दोन-तीन गोष्टी. काम कुठल्या प्रकारचं, हे नाव लिहून थांबू नका. 'लाइन एडिटिंग' शब्दाखाली दोन संपादक दोन वेगळी कामं करतात. म्हणून वाक्यात लिहून घ्या: वाक्यरचना बदलणार का, परिच्छेद हलवणार का, संवादांना हात लावणार का, प्रश्न समासात लिहिणार की थेट बदल करणार. सगळे बदल दिसते राहिले पाहिजेत. आणि काम द्यायच्या आधी हजारभर शब्दांचा नमुना करून घ्या. तो पहिल्या पानाचा देऊ नका. पहिलं पान आपण पन्नास वेळा घासलेलं असतं. मधलं द्या. आपल्या कादंबरीतलं आपल्यालाच न आवडणारं पान द्या.

घाईघाई

बरं, 'शुद्धलेखन'. आता खूश?

पण एक प्रामाणिक प्रश्न. चार माणसं, चार फेऱ्या. एकच चांगला संपादक हे सगळं एका वाचनात का नाही करू शकत?

जुना खिळा

खूश. मार्क दिले.

एका वाचनात न जमण्याचं कारण डोळा. अर्थ वाचणारा डोळा अक्षर बघत नाही. गोष्ट रंगली की 'सुमतीने' च्या जागी 'सुतमीने' छापलेलं असलं तरी मेंदू 'सुमतीने' वाचून पुढे जातो. आम्ही अवघड प्रूफ शेवटच्या ओळीकडून पहिल्या ओळीकडे वाचायचो ते याचसाठी, म्हणजे गोष्टच लागू नये. आता मला सांगा, उलटीकडून वाचणाऱ्या माणसाला "कादंबरी मधे रेंगाळते का?" विचारून काय उपयोग?

तेव्हा माणूस एक असला तरी चालेल, वाचनं वेगळी हवीत. मुद्रितशोधनाला तर माणूसही वेगळाच हवा. ज्याने मजकूर तीन वेळा वाचलाय त्याला तो पाठ असतो. पाठ असलेलं दिसत नाही.

अवांतर: पानं लागल्यावरच प्रूफ का, तेही सांगून टाकतो. जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, जोडाक्षरं फुटतात, 'ऱ्या'चा 'र्या' होतो. लेखकाची फाइल चोख असते आणि चूक पानांवर जन्माला येते. शिवाय प्रकरण १४ चा मथळा दोनदा, १५ चा गायब. परिच्छेदाची एकच ओळ पुढच्या पानावर एकटी लोंबकळतेय. हे वर्डच्या फाइलमध्ये शोधून सापडणार नाही, तिथे ते नसतंच.

तिसरा_खर्डा

दोन कादंबऱ्या झाल्या आहेत, दोन्ही वेळा आधी तोंडावर आपटले आहे. त्या अनुभवावर सांगते.

ताई, कोणाला पैसे द्यायच्या आधी घरच्या घरी एक तक्ता करा. प्रत्येक प्रसंगाला एक ओळ. त्यात तीनच गोष्टी: प्रसंगाच्या सुरुवातीला पात्राला काय हवं होतं, शेवटी काय बदललं, आणि वाचकाला नवीन काय कळलं. कादंबरी न उघडता, आठवणीवर लिहायचं. जो प्रसंग आठवतच नाही त्याच्यापुढे रेघ मारून ठेवायची. लिहिणारीलाच आठवत नसेल तर वाचणाऱ्याला काय आठवणार?

'काय बदललं' या रकान्यात 'तिला जाणीव झाली', 'तिला वाटलं', 'ती विचारात पडली' असं लागोपाठ चार-पाच वेळा आलं, की समजायचं दुखणं सांगाड्यात आहे. रकाना नीट भरला आणि तरी वाचक रेंगाळला, तर दोष खरंच वाक्यांत असेल. मग लाइन एडिटर गाठा.

माझ्या पहिल्या कादंबरीत १९ प्रसंगांपुढे 'जाणीव झाली' होतं. नायिका इतकी जाणती झाली होती की काही करायची गरजच उरली नव्हती.

आणि ते पाच महिने वाचणाऱ्या मैत्रिणीला विचारा, कितव्या पानावर थांबलीस. का थांबलीस विचारू नका, ती सभ्यपणे खोटं बोलेल. पान खोटं बोलत नाही.

शेवंती

पान खोटं बोलत नाही! हे आवडलं.

वाचनवेडा

आशयाच्या संपादनाचं टोकाचं उदाहरण म्हणजे अमेरिकी लेखिका हार्पर ली. १९५७ मध्ये तिने दिलेलं हस्तलिखित मोठेपणी गावी परतलेल्या मुलीचं होतं. संपादक टे होहॉफ यांचा जीव गुंतला तो त्यातल्या लहानपणच्या आठवणींत. दोन-अडीच वर्षं पुन्हा पुन्हा लिहून घेतलं आणि १९६० मध्ये 'टू किल अ मॉकिंगबर्ड' आलं. आधीचा खर्डा २०१५ मध्ये 'गो सेट अ वॉचमन' म्हणून वेगळा छापला, त्यामुळे आपल्याला दोन्ही शेजारी ठेवून बघता येतात. वाक्यं सुधारून हे झालं नसतं.

जुना खिळा

लांब कशाला जायचं? आपल्याकडे 'मौज'चे संपादक श्री. पु. भागवत, राम पटवर्धन यांची नावं आजही आदराने घेतात ती याच कामासाठी. लेखकाला लांबलचक पत्रं लिहायची, प्रश्न विचारायचे, पुन्हा लिहायला लावायचं. 'डेव्हलपमेंटल' हा शब्द कोणी उच्चारला नसेल, काम तेच.

कोरा_कागद

तक्ता करायला घेतेय. थोडे दिवस गायब होईन. मैत्रिणीला विचारलं: ती १४८ व्या पानावर आहे.

जायच्या आधी एक प्रश्न. समजा दुखणं सांगाड्यातच निघालं आणि संपूर्ण डेव्हलपमेंटल परवडत नसेल तर?

अर्धविराम

तर हस्तलिखिताचं नुसतं मूल्यांकन मागा. यात संपादक कादंबरी पूर्ण वाचतो आणि काही पानांचा अहवाल देतो. गोष्ट कुठे पकड सोडते, कुठलं पात्र अर्धवट आहे, कुठला धागा मधेच सुटतो. ओळीगणिक समासात टिपा नसतात, त्यामुळे वेळ आणि खर्च दोन्ही कमी. पुन्हा लिहायचं काम अर्थात तुमचंच, ते तर दोन्हीत तुमचंच असतं. हा व्याप ज्यांना झेपणार नाही त्यांनी आशयाच्या संपादनाला जाऊ नये, असं मी स्पष्ट सांगते. काही लेखकांना मनातून फक्त शाबासकी हवी असते, ते आधी ओळखावं.

इथे हजार शब्दांचा नमुना मात्र चालत नाही. हजार शब्दांवरून सांगाडा दिसत नाही. त्याऐवजी त्या संपादकाला विचारा की तुम्ही अशा स्वरूपाची कुठली कादंबरी केलीत, आणि त्यात लेखकाला कुठले प्रश्न विचारलेत. कुठली दुरुस्ती सांगितली हे नाही. प्रश्न कुठले विचारले.

हातात एकाच संपादनाचे पैसे असतील, तर बहुतेक पहिल्या कादंबऱ्यांना मी मूल्यांकन सांगेन. पुस्तक प्रकाशनसंस्थेकडे पाठवायचं असेल तर कॉपी एडिटिंग आणि मुद्रितशोधन एरवी तेच करतात. स्वतः काढणार असाल तर मात्र मुद्रितशोधन वगळू नका, नाहीतर जुना खिळा काका घरी येतील.

जुना खिळा

येईन.

कोरा_कागद

तीन आठवड्यांनी परत आलेय. तक्ता झाला. ६७ प्रसंग, त्यातले ६ आठवलेच नाहीत, रेघा मारल्या.

पहिली नऊ प्रकरणं ठीक आहेत. नवव्यात वसंतचं ते पत्र येतं, ज्यावरून कळतं की तो जिवंत आहे. मला ते पत्र फार आवडायचं म्हणून मी ते लवकर टाकलं होतं. १४८ वं पान म्हणजे नेमकं दहाव्या प्रकरणाचा शेवट.

दहा ते वीस या अकरा प्रकरणांतला थोडा भाग इथे चिकटवते:

१०: सुमती पत्राबद्दल बाबांना विचारायचं ठरवते. विचारत नाही. जाणीव होते.
११: जुन्या दुकानाच्या आठवणी. जाणीव होते.
१२: बाबा आजारी. ती विचारत नाही.
१३: सुमती तिचं मनगटी घड्याळ बाबांकडे दुरुस्तीला देते. बोलणं होईल असं वाटतं, होत नाही.
१४: खिडकी. पाऊस. वाईट वाटतं.
१५: पुन्हा दुकानाच्या आठवणी (११ मधलीच एक आठवण, दुसऱ्या शब्दांत!).

असंच विसापर्यंत. एकविसाव्यात वसंत दारात येतो, तेव्हा वाचकाला धक्का बसायला हवा, पण तो तर नवव्यापासून वाट बघत बसलाय.

आणि खरी गंमत पुढे आहे. या अकरा प्रकरणांत मी उपमा मोजल्या. पहिल्या नऊ प्रकरणांच्या जवळजवळ तिप्पट. जिथे काही घडत नव्हतं तिथे मी भाषेला नाचवत होते. वाचक बरोबर होते, भाषा खरंच जड आहे. मी तिला जड केली, कारण बाकी काही नव्हतं.

म्हणजे आता पत्र नवव्यातून विसाव्यात नेलं की झालं?

तिसरा_खर्डा

झालं म्हणजे? आत्ताशी सुरू झालं. पण अभिनंदन! हे आधी कळलं नसतं तर अकरा प्रकरणांच्या उपमा कोणाकडून तरी पैसे देऊन घासून घेतल्या असत्या.

अर्धविराम

घाई नको. पत्र हलवणं हा एक मार्ग आहे, एकमेव नाही. दुसरा असा: पत्र नवव्यातच राहू दे, पण ते सुमतीच्या हाती पडू देऊ नका. वाचकाला माहीत, तिला नाही. मग ती बाबांची औषधं आणायला जाते तो साधा प्रसंगही ताणला जातो. तिसरा: पत्र तिला मिळतं आणि ती दहाव्यातच बाबांना विचारते. बाबा खोटं बोलतात. मग तुमच्याकडे 'विचारत नाही'ची अकरा प्रकरणं उरत नाहीत, खोटं उलगडण्याची उरतात.

तिन्ही कादंबऱ्या वेगळ्या आहेत. कुठली तुमची, ते मी सांगू शकत नाही.

घाईघाई

मला तिसरी वाचायला आवडेल. (मी ई-बुकवाला असूनही.)

कोरा_कागद

तिसरा वाचताना पोटात खड्डा पडला, म्हणजे बहुतेक तोच. आठवडाभर तशीच ठेवते आणि मग दहावं प्रकरण कोऱ्या फाइलमध्ये लिहून बघते. 'डेव्हलपमेंटल की लाइन' विचारणाऱ्या बाईंना कळवलं: नवीन खर्डा झाला की मूल्यांकन हवंय, बाकी काही नको. त्या म्हणाल्या, "चालेल, आणि तो तक्ताही पाठवा." "प्रूफं बघून देतो" वाल्यांना सांगितलंय, तुमची पाळी शेवटी.

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवंतीताई, ट्रॅक चेंजेसचं वाक्य करारात घालणार आहे.

जुना खिळा

ताई, एक राहिलं. तुमच्या तक्त्यात तेराव्या प्रकरणात सुमतीने मनगटी घड्याळ बाबांकडे दुरुस्तीला दिलंय. आणि धाग्याच्या सुरुवातीला तुम्ही चौदाव्याचा उतारा दिलाय, त्यात ती मनगटावरच्या घड्याळात बघून चार वाजून दहा मिनिटं म्हणते.

कोरा_कागद

अरे देवा. घड्याळजीच्या कादंबरीत!

आत्ता बदलते.

जुना खिळा

आत्ता नको. चौदावं प्रकरण राहतंय का, ते आधी बघा.